वारा दहाला येतो, साहेब अकराला

प्रति,
माननीय विमानतळ अधिकारी,
डोंगरावरील विमानतळ
(या क्षणी : अधिकारी निवास, पहिला मजला)

विषय : वारा सुटण्यापूर्वी विमान उतरवण्याच्या परवान्यावर सही मिळणेबाबत.
संदर्भ : आपला शेरा, "अर्जदाराने कार्यालयीन वेळेत भेटावे."

महोदय,

१. अर्जदार हा नव्या विमानसेवेचा येथील व्यवस्थापक असून, गेला हिवाळाभर तो विमानाविना विमानसेवा चालवीत आहे. तिकीटखिडकी रोज उघडते, सामानाचा काटा रोज पुसला जातो, आणि येणारा-जाणारा रोज विचारतो, "काय साहेब, आज कुठवर आलं विमान?"

२. डोंगरावर विमान उतरवणे म्हणजे अंगणात चटई पसरणे नव्हे. धावपट्टीच्या एका टोकाला कडा, दुसऱ्या टोकाला दरी. म्हणून येणेही दरीकडून आणि जाणेही दरीकडेच. हवा विरळ, म्हणून निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. कंपनीने हे सारे सोसले. प्रवाशांना काट्यावर उभे केले. एका भारदस्त गृहस्थांना तर "आपण दोन फेऱ्यांत यावे" असे सुचवण्याचे धाडसही केले.

३. उरली ती एकच अडचण. दरीतला वारा दहाच्या सुमारास उठतो, तो दिवेलागणीपर्यंत बसत नाही. नियमाप्रमाणे धावपट्टीकडेची, वारा दाखवणारी कापडी पिशवी त्याच दिवशी समक्ष पाहून आपण सही करावयाची. आपण अकराला येता. पिशवी निमूट लोंबते तेव्हा आपण नसता. आपण असता तेव्हा ती आडवी फडफडते, आणि आपण परवानगी नाकारता. योग्यच नाकारता. अर्जदाराचे भांडण आपल्या निर्णयाशी नाही, आपल्या गजराच्या घड्याळाशी आहे.

४. यावर आपण म्हणाल, वारा या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. मान्य. परंतु जो अखत्यारीत नाही त्याने साहेबांच्या आधी हजर व्हावे, ही शिस्तीची विटंबना नव्हे काय?

५. विमान तीनदा आले, माथ्यावर घिरट्या घालून तीनदा परतले. येथे एक खाजगी बाब नमूद करणे प्राप्त आहे. सदर विमानाची कॅप्टन ही अर्जदाराची पत्नी होय. पहिल्या खेपेस तिने रेडिओवर विचारले, "अहो, साहेब उठले का?" दुसऱ्या खेपेस, "डबा वरूनच टाकू का?" तिसऱ्या खेपेस मात्र ती एवढेच म्हणाली, "आईला सांगते, जावई दिसले. मुंगीएवढे होते, पण तब्येत बरी वाटली." त्या दिवशी अर्जदारास जेवण गेले नाही.

६. मुख्य कार्यालयाचा निर्वाणीचा निरोप आहे : आज विमान उतरले नाही, तर सेवा बंद. विमान, कॅप्टनसह, समुद्रकाठच्या मार्गावर जाईल. अर्जदार काटा पुसत मागे राहील.

७. सबब विनंती अशी की, आपण कार्यालयात येऊच नये. नियमात पाहणे सांगितले आहे, बूट घालणे सांगितलेले नाही. आपल्या शयनगृहाच्या खिडकीतून पिशवी उत्तम दिसते. अर्जदाराने पिशवीखाली उभे राहून उलट बाजूने खात्री केली आहे. आपले पडदे निळे आहेत.

८. विमानाला लावावयाची चाकांची शिडी, जिला अद्याप एकही विमान लाभलेले नाही, ती अर्जदाराने आपल्या खिडकीला लावली असून, काचेवर होणारी टकटक ही त्याचीच आहे, कावळ्याची नव्हे. पिशवी अगदी सरळ लोंबत आहे. पडदा सारावा, पाहावे, आणि मन मानेल तरच सही करावी.

आपल्या काचेपलीकडे, वरच्या पायरीवर तिष्ठत असलेला,
व्यवस्थापक
दिनांक : आजचा; सूर्य नुकताच वर आला आहे

सोबत : कोरा परवाना, शिक्का व शाईची उशी, थर्मासमध्ये चहा, आणि आपण कार्यालयात विसरलेला चष्मा (शिपायाकडून साभार).

ता. क. : दरीकडून घरघर ऐकू येत आहे. सहीनंतर चहा सावकाश घ्यावा, शिडी मात्र तात्काळ सोडावी. ती आता लागणार आहे.