परत केलेले डबे

आई,

काल माझ्या लेकीने फोनवर बघता बघता चपलांचे चार जोड मागवले. अर्ध्या किमतीत होते म्हणे. मी विचारलं, "पाय किती आहेत गं तुला?" तर हसत म्हणाली, "तू अगदी आजीसारखी बोलतेस." तिने तुला पाहिलेलंही नाही, मी सांगितलेल्या गोष्टींतूनच ती तुला ओळखते. मला इतकं बरं वाटलं की तिला रागवायचं राहूनच गेलं.

विक्रोळीच्या आपल्या चाळीत घासाघीस करण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाकडे लग्न निघालं की बायका तुला पुढे घालून घाटकोपरला भांड्यांच्या दुकानात जायच्या. ते दिवस अजून दिसतात मला. तू पदर खोचून काउंटरवर कोपर टेकतेस, आधी दुकानदाराच्या घरच्यांची चौकशी करतेस, त्याने भाव सांगितला की नुसती हसतेस आणि सरळ चालायला लागतेस. चौथं पाऊल टाकायच्या आत मागून "ओ बेन" अशी हाक येते. स्वतःसाठी तू क्वचितच काही घ्यायचीस. भाव उतरला की तुझ्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, तेवढ्यावर तुझं भागायचं. वस्तू दुसरीच कुणी घरी न्यायची, आणि ती वस्तू तिला हवी होती का, हे तू कधी विचारलं नव्हतंस.

मग शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. मी तेव्हा नववीत होते. रुखवतात मांडायची भांडी घ्यायला काकू तुला घेऊन गेल्या आणि नेमका दुकानात सेल लागलेला. घ्यायचे होते डब्यांचा एक संच, कुकर आणि पातेली. तू एका संचाचा भाव पाडलास, दुकानदार म्हणाला, दोन घेतले तर अजून कमी करतो. तू दोनाचा पाडलास, तो तिनावर आला. टॅक्सी करून घरी आलात तेव्हा डब्यांचे तीन संच होते, दोन कुकर होते आणि तसराळी तर किती होती कोण जाणे. सगळी चाळ बघायला आली, तुझं कौतुक झालं. चार दिवसांनी हॉलवाला उरलेले पैसे मागायला आला, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की हॉलचे पैसे भांड्यांत गेले. जावयाची चेंबूरला एकच खोली, त्यातही माणसं पाच, तिथे तीन संच ठेवणार कुठे?

काकू आपल्या दारात येऊन रडत भांडल्या. "तू भाव पाडत गेलीस म्हणून मी घेत गेले गं! एकदा तरी म्हणालीस का, बस झालं म्हणून?" बाबा मधे पडले, "त्यांना समजत नव्हतं का? लहान आहेत का त्या?" तू त्यांनाच गप्प केलंस. त्या दिवशी तू जेवली नाहीस. सकाळी भाकरी थापताना मालवणीत बोललीस, म्हणजे मनातलं बोललीस. "ती खरा बोलली गो. भाव करूक लागलंय काय माका भानच रवत नाय." मोठं माणूस आपली चूक अशी उघड कबूल करतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणालीस, "चल माझ्याबरोबर, पिशव्या धर."

दुकानात पाटीच होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुकानदार पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "बेन, वाचली नाय का?" तू म्हणालीस, "वाचली शेठ, म्हणून तर बसून बोलते," आणि डबे मांडीवर घेऊन काउंटरसमोरच्या स्टुलावर बसलीस. "एकावर तरी नाव घातलंय का बघा." नाव घातलेलं नव्हतंच. लग्नात मुलीचं नाव बदलणार होते आणि नवीन नाव काय ठेवायचं, यावर सासरी अजून एकमत होत नव्हतं. नाहीतर मशीनने डब्याडब्यावर नाव कोरलं गेलं असतं आणि सगळीच वाट लागली असती. तू त्या दिवशी घासाघीस केली नाहीस, आवाज चढवला नाहीस. येणारी बाई विचारायची, डबे घेऊन का बसलात? तू खरं तेच सांगायचीस, "जास्तीचे घेतले. नको होते, स्वस्त मिळाले म्हणून घेतले." ते ऐकून एकीने हातातलं तसराळं परत ठेवलं, दुसरीने दोनातला एक कुकर. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने गेली. शेवटी दुकानदाराने हात जोडले, पैसे मोजून दिले आणि म्हणाला, "आता सेल संपेपर्यंत येऊ नका हां, बेन!"

लग्न ठरलेल्या हॉलमध्येच झालं. त्यानंतरही तू बायकांबरोबर गेलीस, पण काय घ्यायचंय ते चाळीच्या फाटकातच वदवून घ्यायचीस आणि त्यापलीकडच्या वस्तूचा भावसुद्धा विचारायची नाहीस. मला तुझा फार अभिमान आहे, आई. आयुष्यभर मी तुझी ही गोष्ट ज्याला त्याला ऐकवत आले.

पण ती कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. तू स्टुलावर बसली होतीस तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या आईबरोबर दुकानात आली. लोक तुझ्याकडे बघून हसत होते. तिने मला विचारलं, "त्या कोण गं? तुझी आई?" मी म्हटलं, "नाही, चाळीतल्या काकू आहेत." तू दोन हातांवर होतीस. थोड्या वेळाने तिच्या आईने तुला विचारलं, "मुलगी तुमची का हो?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नाही हो, शेजाऱ्यांची आहे. पिशव्या उचलायला आणलीय."

घरी येताना तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, पुढेही कधी नाही. मीही विषय काढला नाही. आता हे लिहून तरी कुठे पाठवणार? त्या दिवशी मी तुला काकू म्हटलं, आई.