अकरा मिनिटं

४ मार्च

कामावर गेले. दादाचं विमान पडून आज बारा दिवस. टेबलावर दुरुस्तीला आलेली विमानांची तीन होरायझन यंत्रं होती — उघडली, साफ केली, जोडली. हात आपले चालतात. जेवले की नाही, आठवत नाही. साहेब म्हणाले, "रजा वाढवून घे." घरी बसून काय करू!

५ मार्च

रडू येत नाही.

७ मार्च

चौकशीवाले आले. दादाच्या विमानातलं होरायझन शेवटचं कोणी तपासलं होतं? मी. चिठ्ठीवर सही माझीच.

त्यांच्या वकिलाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. विमानाचं नाक वर आहे की खाली, कुठला पंख झुकलाय, हे एरवी बाहेर बघून कळतं. ढगात शिरलं की बाहेर काही दिसत नाही आणि कान धडधडीत खोटं सांगतात. तेव्हा समोरची ही होरायझनची तबकडी तेवढी खरी. आत एक चाक भरधाव फिरत असतं. विमान कसंही कललं तरी ते आपली दिशा सोडत नाही, म्हणून तबकडीवरची रेष खऱ्या क्षितिजाशी जुळून राहते. पायलट त्या रेषेकडे बघून विमान सरळ करतो. चाक मंदावलं की रेषच हळूहळू कलंडते. तिच्यावर भरवसा ठेवला की विमानही कलंडतं.

"म्हणजे एक तर यंत्र चुकलं, नाही तर पायलट," वकील म्हणाला. पायलट माझा सख्खा भाऊ, हे त्याला कोणीतरी नंतर सांगितलं. बिचारा ओशाळला.

८ मार्च

दादा फ्लाइंग क्लबातल्या शिकाऊ पोरांना डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसवायचा. खुर्ची एकाच वेगाने फिरत राहिली की पोरं म्हणायची, थांबली. मलाही बसवलं होतं एकदा. मीही छातीठोकपणे म्हणाले, थांबली! "कानांचं काही ऐकू नकोस. तबकडीचं ऐक." केवढा हसला होता.

११ मार्च

वहिनीकडे गेले. क्लबातले म्हणतात, दादा ढगात गांगरला. भाचीला शाळेतही कोणीतरी तेच ऐकवलंय. वहिनी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "यंत्रच बिघडलं होतं, एवढं निघू दे. आणखी काही मागत नाही मी."

मी भांडी पुसून ठेवली.

१२ मार्च

लिहूनच टाकते. होरायझन जोडून झालं की चाक पूर्ण वेगात आणायचं, हवेचा पंप बंद करायचा आणि चाक थांबेपर्यंत घड्याळ घेऊन समोर बसायचं. दहा मिनिटं तरी फिरायला हवं. आधी थांबलं तर बेअरिंगमध्ये खोट. त्या दिवशी मी पंप बंद केला आणि जेवायला गेले. परत येऊन लिहिलं — अकरा. चौदा वर्षांत बहुतेक सगळी अकराच्या आसपासच थांबलीत.

विमान पडताना चाक फिरत होतं असं निघालं तर मी सुटले, दादा अडकला. थांबलेलं निघालं तर उलट. काय निघावं असं वाटतं, हे स्वतःला विचारून पाहिलं. काहीच वाटत नाही.

१४ मार्च

सात होरायझन. प्रत्येकासमोर घड्याळ घेऊन बसले. शेजारचा म्हणाला, "आज काय मुहूर्त बघतेस का?"

१७ मार्च

आज दादाच्या विमानातलं होरायझन उघडलं. मला आत घेतलं नाही — सख्खी बहीण ना. दोन तास बाहेरच्या बाकावर. मग साहेब आले. "चाक फिरत असतं तर आपटताना त्याच्यावर गोल चरे उठले असते. एकही नाही. नुसता एक पोचा आहे. थांबलेलंच होतं."

जवळ बसून हळूच म्हणाले, "तू घाबरू नकोस. तुझ्या कागदावर अकरा मिनिटं आहेत. बेअरिंग नंतर गेलं असणार."

दादा चुकला नव्हता! तिथेच बाकावर रडले. किती वेळ, कोण जाणे.

१८ मार्च

वहिनीचा फोन. आवाज किती मोकळा झालाय तिचा. "कोणाचीच चूक नव्हती गं," म्हणाली.

मी म्हणाले, "वहिनी, ते मी तपासलंच नव्हतं."