चौदावा मजला की तिसरा

पांढुर्णा, ९ मे

सिद्ध करावयाचे ते असे: वादळाच्या दिवसांत पत्नी पुष्पाने आमच्या चौदाव्या मजल्यावर राहू नये, खाली तिसऱ्या मजल्यावर, लेक करुणाकडे जावे.

आधार: वारा उंचीबरोबर वाढतो. आमचे घर सर्वांत वर. म्हणून सर्वाधिक धोका आम्हांला.

युक्तिवाद निर्दोष आहे. काल वाऱ्याने इमारत हलली! पेल्यातले पाणी एका कडेला चढले. दाराची चौकट कुरकुरली. पुष्पा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पलंगावर. वीज गेली की लिफ्ट बंद. तिला घेऊन मी उतरणार कसा? ती मात्र म्हणाली, "झोक्यावानी वाटून राहिलं!"

१० मे

पुतण्या संदीपला फोन. नागपुरात उंच इमारतींचे आराखडे तपासतो.

"मोठेबाबा, हलते म्हणून तर टिकते. खूप वेळ वाहणाऱ्या वाऱ्याचा हिशेब धरूनच बांधली आहे."

"आणि हे अवकाळी वादळ?"

"ते वेगळं. ढगातून वारं खाली आपटते अन् जमिनीजवळ पसरते. तुमच्या दोन बिल्डिंगींच्या फटीत घुसलं, तर खालच्याच काचा ओढून काढन. मोठीमायले वरच राहू द्या. पलंग तेवढा खिडकीपासून सरकवा."

"वारा तो वाराच ना?"

तो हसला. "तुमच्यासंग कोण जिंकन!"

त्याने हार मानली. अर्थात आक्षेप टिकला नाही.

११ मे

पुष्पा: "मले नाई जायचं. इथून सौंसर रोडचे संत्र्याचे बगीचे दिसतात."

हे कारण अग्राह्य. करुणा वैतागली — "बाबा, आईले काय कॉलेजात बसवलं का तर्कशास्त्र शिकवाले?"

पुष्पाला खुर्चीत बसवून लिफ्टने खाली नेले. करुणाकडे पलंगाला जागा एकच — शेजारच्या इमारतीकडील खिडकीखाली.

"इथं तं समोर भिंतच आहे," पुष्पा म्हणाली. मग बोललीच नाही. मौन म्हणजे मान्यता, असे मी धरले.

१३ मे

तिगावच्या बाजूला आभाळ काळेनिळे. आता निर्धास्त असावयास हवे. नाही! दोन इमारतींच्या मधून शीळ येते.

१४ मे

दुपारी एकाएकी वरून काहीतरी कोसळावे तसा वारा आला. फटीतून गर्जत गेला. पुष्पाच्या डोक्यावरच्या खिडकीची काच फुटून तिच्या चेहऱ्यावर आली. तिने हाक मारली ती करुणाला — मला नाही.

सायंकाळी दवाखान्यासाठी तिचे कपडे आणण्यास वर गेलो. पेला भरलेला, जागच्या जागी.

नागपूर, १६ मे

डॉक्टरांना पुष्पाच्या डाव्या डोळ्याची आशा आहे, उजव्याची नाही. दोन्हींवर पट्टी.

"खिडकी आहे का हो इथं? काय दिसून राहिलं?"

समोर भिंत होती. "बगीचे," मी म्हणालो.

हे उत्तर असत्य होते. ते चुकांत धरत नाही. चूक एकच कबूल करतो: सारे वारे मी एकच मानले.

— प्रभाकर गजभिये