वन्संवरचा रुसवा फोटोला पावला

गुनबोर्ग वन्संना अल्फहिल्डचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच, बाकीचा मनातून). तुमचा गुडघा काय म्हणतोय? अंगणातला बर्फ वितळला का? मी ठणठणीत आहे, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी अजून तसं म्हटलेलं नाही.

पोटात कसलासा डाग दिसला, म्हणून गेल्या मंगळवारी उमेओच्या इस्पितळात मला त्या एमआरआयच्या नळकांड्यात घातलं. फोटो नीट आला नाही तर पुन्हा महिनाभर ताटकळायचं, आणि तोवर डाग कसला ते कळणार नाही. तेव्हा हलायचं नाही असं ठरवूनच गेले होते. तिथला मोन्स म्हणून पोरगा, दक्षिणेकडचा, पण फार मायाळू. गुडघ्यांखाली उशी दिली, उबदार पांघरूण घातलं, कानांवर जाड झाकणं चढवली, हातात रबरी फुगा दिला (घाबरलात तर दाबा म्हणाला). एवर्ट गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी निजवलं नव्हतं मला. एवर्टनंही नव्हतं, पण गेलेल्या माणसाला कशाला नावं ठेवा.

मशीन खडखडायला लागलं. मोन्सनं कानात विचारलं, "बरं वाटतंय ना, आजी?" मी आपल्या उत्तरेकडचं 'हो' म्हटलं, ओठांचा चंबू करून श्वास आत, शुप्! पोट हललं, फोटो बिघडला. वर त्याला वाटलं म्हातारीला धाप लागली. ओढलं बाहेर. पुन्हा आत, पुन्हा "ठीक ना?", पुन्हा शुप्, पुन्हा बाहेर. भट्टीतल्या पावासारखी गत झाली माझी.

शेवटी म्हटलं, "अरे बाळा, विचारूच नकोस! विचारलंस की तोंड आपोआप हो म्हणतं."

हसला मेला. "मग माझ्यावर रुसा की, आजी. रुसला होतात कधी कुणावर?"

वन्सं, तुमच्याशिवाय कोण आठवणार! एवर्टच्या मातीला पाहुण्यांदेखत माझा केक कोरडा म्हणालात, आणि अख्खा हिवाळा मी तुमच्याकडे मान वळवली नाही. तेच मनात धरलं. नाक खाजलं, मी ढिम्म. मोन्सनं चुकून एकदा विचारलंच, मी ढिम्म. फोटो असा स्वच्छ आला म्हणून सांगू! त्या पोराला मोजे विणतेय. तुमचे उपकार मात्र कसे फेडू?

तुमची लाडकी (दुसरी आहे कुठे?) भावजय,
अल्फहिल्ड

ता.क. डॉक्टरीणबाई पुढच्या गुरुवारी फोन करणार आहेत. ठणठणीत वगैरे लिहिलं ते उगीच. बुधवारच्या बसनं या.

आणखी ता.क. फोन तुम्हीच उचला. बातमी वाईट असली तर आधी कॉफी टाका, मग सांगा. चांगली असली तरी आधी कॉफीच टाका, नाहीतर मला लगेच कळेल.