करवत, पंखा आणि भुशाची पिशवी यांची व्यवस्था

ता. ९ डिसेंबर १९५७, सोमवार. आज माझी पत्नी मुक्ताबाई हिचे तेरावे झाले. जेवणे दोन वाजता उरकली. तिच्या माहेरचे, अंथुर्ण्याचे पाहुणे तीनच्या गाडीने गेले. त्यानंतर लिहावयास बसलो.

मी, रामहरी बाळा सुतार, वय ५८, मराठी सातवी पास, राहणार सांगवी, तालुका बारामती, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मिळकत सर्व माझ्या कमाईची आहे. आम्हांस मूलबाळ नाही.

कलम १. राहते घर धाकटा भाऊ गेणू याची बायको छबूबाई हिला, तिच्या एकटीच्या नावे. गेणूने त्यात ती ठेवील तोवर राहावे.

कलम २. वाकस, रंधे, पटाशा, हातकरवती गेणूला. हात त्याचा चांगला आहे. तोंड वाईट आहे, त्याचे पुढे लिहितो.

कलम ३. इंजिनवरची गोल करवत आणि भुसा ओढणारा पंखा. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

करवत घेतल्यावर भुसा छातीत जाऊन मला खोकला लागला. पुण्याच्या एका वखारीत मी भुसा ओढण्याची सोय पाहिली व घरी तशी केली. करवतीच्या मेजाखालून पत्र्याचा नळ, पुढे पिंप, त्यावर पंखा. जाड भुसा पिंपात पडतो. बारीक भुसा वर मांजरपाटाच्या पिशवीत जातो. पिशवीची भोके बुजली की पंखा ओढत नाही, म्हणून ती दिवसातून दोनदा काठीने झोडावी लागते. वखारीत ती पिशवी बाहेर, उघड्यावर टांगलेली होती. मी ती आतल्या खोलीत टांगली. आपल्याकडे भुसा कोणी टाकत नाही, शेगडीत ठासून जाळतात. बाहेर वाऱ्याने गेला असता.

पिशवी मुक्ताबाई झोडत असे, दार लावून. शिसवीचे काम असले की जास्त झोंबे.

ती म्हणाली, "अवं, पिशवी भाईर टांगा की. डोळं चुरचुरत्यात."

मी म्हणालो, "आणि शेगडीला भुसा काय तुझ्या बापाकडनं आणू?"

ती काठी घेऊन आत गेली. माझा खोकला महिन्यात गेला. तिचा दिवाळीनंतर लागला. गेणू सर्वांदेखत म्हणे, "वयनीला खोकला न्हाय, कामाचा कटाळा हाय." मी त्याला अडवले नाही. गिऱ्हाईक आले की मीच तिला परसात जाऊन खोक म्हणत असे.

दुसऱ्या वर्षी बारामतीस डॉक्टरांना दाखवले. त्यांनी विचारले, "या लाकडाचं काम करतात का?" मी म्हणालो, "काम मी करतो." ते म्हणाले, "मग खोकला यांना कसा?" उत्तर मला माहीत होते. घरी येऊन पिशवी बाहेर टांगली. त्याचा उपयोग झाला नाही.

करवत व पंखा गेणूला द्यावा, मात्र पिशवी उघड्यावर टांगावी आणि ती गेणूने स्वतः झोडावी, छबूबाईने नाही, अशी माझी अट आहे.

कलम ४. मुक्ताबाईचा भाऊ भिमा आज पंगतीत म्हणाला, "दाजी, आमची भन तुमी भुशात पुरली." तो खोटे बोलला नाही. पण ती अंथरुणावर असताना वर्षभर फिरकलाही नाही. त्याला काही नाही.

कलम ५. कलम ३ साक्षीदारांसमक्ष गेणूला वाचून दाखवले.

तो म्हणाला, "दादा, पिशवी म्या झाडायची? गडी माणसानं?"

"व्हय."

"गाव हसंल की. ही बसलीया घरात, हिला काय धाड भरलीया?"

"हिला काही झालेलं नाही, म्हणूनच."

"मग तुमचं येंत्र तुमालाच लखलाभ. आसली अट आपल्याला जमायची न्हाय."

तेव्हा छबूबाई दाराआडून बोलली, "भावजी, येंत्र घालवू नगा. मी झाडीन की. तोंडाला पदर लावीन."

मी सांगितले, मुक्ताबाईही पदर लावत होती.

गेणू उठून गेला. छबूबाई तशीच उभी राहिली. म्हणून कलम ३ मधील देणगी रद्द. माझ्या मरणाची वाट न पाहता उद्याच लोहाराने करवतीचे पाते तोडून खुरपी करावीत. पंखा ठोकून सपाट करावा. पिशवी मी आज फाडली आहे. गेणूला राग आला तर तो त्याने छबूबाईवर काढू नये. काढल्यास घर तिचे आहे, हे तिने ध्यानात ठेवावे.

साक्षीदार:
१. रावजी तुकाराम जगताप, भाजी-माळवेवाले, शेजारी (सही)
२. हिंदुराव यशवंत काळे, सांगवी (अंगठा)

रामहरी बाळा सुतार (सही)
मुक्काम सांगवी, ता. ९ डिसेंबर १९५७

साक्षीदार चहा पिऊन गेले. कपबशा मी विसळून पालथ्या घातल्या.