थॉर्नस्टेडच्या अर्लचा राजीनामा

लंडन,
ता. ५ ऑगस्ट १९६३

ती. ऑगस्टाताईस,
सा. न. वि. वि.

आधी बसून घे. हे पत्र उभ्याने वाचण्यासारखं नाही. गेल्या बुधवारी कायदा मंजूर झाला. ज्याला लॉर्ड राहायचं नसेल त्याला आता राहावं लागणार नाही. एका कागदावर सही करायची, तो लॉर्ड चॅन्सेलरच्या कचेरीत नेऊन द्यायचा, की थॉर्नस्टेडचा सातवा अर्ल संपला. उरला नुसता लायनेल मॅरिडन. मी सही करणार आहे.

बाबा गेले त्या दिवशी माझं काय झालं ते तू पाहिलंयस. सकाळी वडील गेले आणि दुपारी खासदारकी. आठ वर्षं मी सॉल्टहेवनच्या कोळ्यांसाठी कॉमन्समध्ये भांडत होतो. वडिलांमागे अर्ल झालो, आणि लॉर्डला कॉमन्समध्ये बसता येत नाही, म्हणून मला उचलून वरच्या सभागृहात नेऊन ठेवलं. पाच वर्षं तिथे बसून आहे. परवा हेरिंगच्या मासेमारीवर वीस मिनिटं बोललो. ऐकायला अकरा जण होते, त्यातले सात झोपलेले. एक जण घोरत होता, तो माझ्या बाजूने घोरत होता असं मी धरून चालतो. निवडणुकीत आपला माळी मत देतो, आचारी मत देतो, आणि लॉर्डसाहेब, ज्यांना मतच नाही, बाहेर गाडीत बसून दोघांची वाट पाहतात!

माझ्या जागी निवडून आलेल्या टॉड यांनी प्रकृतीमुळे राजीनामा दिला आहे. नोव्हेंबरात पोटनिवडणूक. हुजूर पक्षाची तिथली कमिटी म्हणते, आधी सही करून या, मग उमेदवारी तुमचीच. पॉलीनला विचारलं की तुझं काउंटेसपण जाईल, चालेल ना. तर म्हणाली की खुशाल जाऊ दे, मला त्या नावाने कोणी हाक मारली की अजून मागे वळून सासूबाई कुठे आहेत ते बघावंसं वाटतं.

राहता राहिली आई. तिला तू सांगशील ना? मला भित्रा म्हण, काय वाटेल ते म्हण, पण तू सांग.

लोभ आहेच; हे काम केलंस तर दुप्पट होईल.
तुझा,
लायनेल


थॉर्नस्टेड,
ता. ९ ऑगस्ट १९६३

चि. लायनेलास,
अनेक आशीर्वाद.

भित्रा! झालं म्हणून. आता ऐक.

मी नाश्त्याची वेळ निवडली, आईचा चहाचा दुसरा कप झाल्यानंतरची. पण तिच्या डाव्या बाजूला बसले ही चूक झाली, तो कान आता जवळपास गेलाच आहे. मी म्हटलं की लायनेल पदवी सोडतो आहे. तिला ऐकू आलं ते एवढंच की लायनेल सोडतो आहे. सुरी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं की ती दुसरी कोण. मी म्हणतेय की अगं तसं नाही, आणि ती आपली सुटलीच. पॉलीनसारखी मुलगी शोधून सापडणार नाही म्हणाली, तुझ्या आजोबांनाही एकदा असा झटका आला होता आणि महिनाभर नदीवर गळ टाकून बसल्यावर तो उतरला म्हणाली. शेवटी मी उठून उजव्या कानाशी गेले आणि ओरडून सांगितलं. तिने सुरी पुन्हा उचलली आणि टोस्टला लोणी लावलं. मग म्हणाली की त्यापेक्षा बायको सोडली असती तर परवडलं असतं.

तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही. जेवणाच्या टेबलावर मी तुझा विषय काढला की खिडकीतून गाईंकडे बघते.

दुसरा घोळ हिबर्टचा. तीस वर्षं बटलरकी केलेला माणूस, काल माझ्याकडे येऊन हळूच विचारत होता की सही झाल्यावर साहेबांना म्हणायचं काय. मिस्टर म्हणा असं मी सांगितलं. त्याने तीनदा प्रयत्न केला, शब्द घशातून वर येईना बिचाऱ्याच्या. अखेर असं ठरलं की तो तुला हाकच मारणार नाही, नुसता खोकेल.

पण लायनेल, थट्टा बाजूला ठेवून विचारते. ही सही परत घेता येत नाही असं वर्तमानपत्रात लिहिलंय, जन्मभरासाठी म्हणे. आणि निवडून नाही आलास तर? इकडचंही गेलं आणि तिकडचंही नाही. विचार केला आहेस ना?

तुझ्यावर रागावले तरी लोभ कमी करता येत नाही, ही माझी अडचण.
तुझी,
ऑगस्टाताई


लंडन,
ता. २४ सप्टेंबर १९६३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केली सही. कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला, टीपकागद दाबला आणि म्हणाला की झालं, आता येताना पायऱ्या जपून उतरा, ओल्या आहेत. सात पिढ्यांचा निरोपसमारंभ एवढाच. मी बाहेर पडलो आणि ताई, शेहेचाळिसाव्या वर्षी बसच्या मागे धावलो! मिळाली सुद्धा.

तू विचारलंस तो प्रश्न मी रोज पहाटे स्वतःला विचारतो. विचार केला आहे. भीती वाटते. तरीही.

आता प्रतिस्पर्ध्याविषयी. मजूर पक्षाने जेथ्रो क्रॅबट्री यांना उभं केलं आहे. गोदी कामगारांचे पुढारी, आवाज असा की भोंगा लाजेल. पहिल्याच सभेत त्यांनी विचारलं की जी नोकरी ह्यांच्या सहा पिढ्यांनी झोपेत सांभाळली, ती ज्या माणसाला टिकवता आली नाही, त्याला तुम्ही कामावर ठेवणार का? लोक हसून लोळले. मी मागे उभा होतो, मलाही आवरेना. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि ओरडले की बघा, उमेदवारही आमच्याच बाजूने हसतोय.

आईला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. तिला पोचतात ना? सॉल्टहेवनात लोक पहिला प्रश्न हाच करतात की तुमच्या मातोश्रींना हे पसंत आहे का. मी खोकतो. हिबर्टकडून शिकलो.

मायेचा पुरवठा चालू ठेव, सध्या फार लागते.
तुझा,
लायनेल (बिनपदवीचा)


थॉर्नस्टेड,
ता. २० ऑक्टोबर १९६३

चि. लायनेलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. ऑगस्टाला दोष देऊ नकोस, ती रोज मला टोचत होती.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सव्वीस सालची. तू नऊ वर्षांचा होतास. तुझे वडील तेव्हा कॉमन्समध्ये होते, चार वर्षं झाली होती त्यांना. त्या दिवशी खाणकामगारांच्या मुलांना दूध मिळावं म्हणून ते बोलणार होते. भाषण खिशात, मी वर गॅलरीत टोपी सांभाळत बसलेले. तेवढ्यात तुझे आजोबा गेल्याची तार आली. हे उठून बाहेर आले. ते आता अर्ल झाले होते, आत परत जाता येईना. दाराबाहेरच्या बाकावर बसून ते रडले. लोक म्हणाले, वडिलांवर किती माया. माया होतीच. पण मी गॅलरीतून खाली येऊन शेजारी बसले होते, मला माहीत आहे ते कशाकशासाठी रडत होते.

पुढे बत्तीस वर्षं वरच्या सभागृहात गेले. एकदाही तोंड उघडलं नाही. मी सगळ्यांना सांगत आले की ह्यांचा स्वभावच शांत. शांत कसला! न्हाणीघरात दाढी करताना तासतासभर भाषणं द्यायचे. दुधाचं भाषण मला तोंडपाठ झालं होतं. दाराबाहेर उभी राहून मी एकदा टाळ्या वाजवल्या, तर पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तू सोडलंस म्हणून मी रागावले असं तुम्हाला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. काल कळलं की माझा राग कॉमन्सच्या त्या दारावर आहे. ते आता उघडलं, पण ह्यांना उशीर झाला.

असो. त्या क्रॅबट्रीचं ते झोपेचं बोलणं मी वर्तमानपत्रात वाचलं. बाकी पाच पिढ्यांबद्दल तो काय म्हणतो ते त्याचं तो जाणे. एका माणसाबद्दल मात्र मी त्याला समजावून सांगणार आहे. सोमवारी सकाळी मासळीबाजारात येते. गरम मोजे घालून उभा राहा, तुझी छाती लगेच धरते.

माझा लोभ गेला होता असं समजू नकोस, जरा रुसून बसला होता.
तुझी,
आई


थॉर्नस्टेड,
ता. १० नोव्हेंबर १९६३

चि. लायनेलास,
अनेक आशीर्वाद.

तू आणि पॉलीन शहराच्या त्या टोकाला हिंडताय, म्हणून या टोकाची बातमी कळवते. आई आमच्या हाताबाहेर गेली आहे.

रोज सकाळी हिबर्ट तिला गाडीतून धक्क्यावर नेतो. हेरिंग साफ करणाऱ्या बायकांच्यात ती खोक्यावर बसते. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं की तुमचा मुलगा माणूस म्हणून कसा. तर ही म्हणाली की हट्टी आहे, चालायला उशिरा लागला, पण खोटं बोलला की कान लाल होतात, तेव्हा तुम्हाला फसवायची भीती नाही. आता तुझ्या सभांना बायका पुढच्या रांगेत बसून तुझ्या कानांकडे का बघतात ते कळलं ना?

काल क्रॅबट्री समोर आला. आईने त्याला भर बाजारात थांबवून सव्वीस सालची सगळी हकिकत ऐकवली, दुधाच्या भाषणासकट. सगळं भाषण, लायनेल! मासळी तशीच पडून, बायका डोळे पुसताहेत, आणि तो धिप्पाड माणूस टोपी हातात घेऊन उभा. शेवटी म्हणाला की बाई, हे भाषण तर आमच्या पक्षाचं आहे. मग त्याने तिला चहा पाजला. संध्याकाळी पील रस्त्यावरच्या सभेत आईने जाहीर केलं की क्रॅबट्री सज्जन आणि कामाचा माणूस आहे, त्याच्यात खोट एकच, तो माझा मुलगा नाही. टाळ्या थांबेनात. तुझ्या कमिटीचे अध्यक्ष डोकं धरून बसले होते.

गुरुवारी मतदान. मला जेवण जात नाही. आई मात्र दोनदा पुडिंग मागून घेते.

सध्या लोभ, आशीर्वाद आणि पावडर लावलेले गरम मोजे, तिन्ही पाठवत आहे.
तुझी,
ऑगस्टाताई


सॉल्टहेवन,
ता. १६ नोव्हेंबर १९६३

ती. आईस,
सा. न. वि. वि.

निकाल तुला कळला आहेच. तरी माझ्या हाताने लिहितो. क्रॅबट्री एक्केचाळीस मतांनी आले. शुक्रवारी सकाळपासून तीनदा मोजणी झाली, तिन्ही वेळा एक्केचाळीस.

कमिटीचे अध्यक्ष म्हणतात, पील रस्त्यावर तू जे बोललीस त्यात तेवढी मतं गेली. गेली असतील. मी त्यांना सांगितलं की मासळीबाजारात तिने मिळवली ती किती, तीही मोजा. मला तर स्वतःलाही मत देता आलं नाही. मतदारयादी मी लॉर्ड होतो तेव्हाची, तीत माझं नावच नव्हतं!

ताईने विचारलं होतं तसंच झालं. इकडचं गेलं, तिकडचं नाही. काल खोलीवर येऊन मी आणि पॉलीन समोरासमोर बसलो, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसत सुटलो. तिने विचारलं की आता तू नक्की कोण आहेस. मी विचार केला आणि म्हटलं की मी हरलेला उमेदवार आहे. हे बोलताना मला लाज वाटली नाही, आई. उद्या झोपून उठल्यावर वाटेल कदाचित.

बाबांना हरायलाही मिळालं नाही, हे मोजणी चालू असताना सारखं मनात येत होतं.

सार्वत्रिक निवडणूक वर्षाच्या आत आहे. कमिटी मला पुन्हा घेईल की नाही, माहीत नाही. मी मागणार आहे.

तुझा लोभ पुन्हा रुसू नये, एवढंच मागणं.
तुझा,
लायनेल


थॉर्नस्टेड,
ता. २० नोव्हेंबर १९६३

चि. लायनेलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हरलास, ठीक आहे. नीट हरलास. क्रॅबट्रीचा हात तू मनापासून हातात घेतलास तो फोटो मी पाहिला. कान लाल नव्हते.

सोमवारी मी त्या बायकांचे आभार मानायला धक्क्यावर गेले होते. दोन तास बसले आणि मला अडचण आली. विचारलं तर काय कळावं? त्या धक्क्यावर पुरुषांसाठी दोन संडास आहेत आणि बायकांसाठी एकही नाही. दीडशे बायका पहाटेपासून दुपारपर्यंत तशाच काम करतात. गेली चाळीस वर्षं! मी तशीच नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने मला खुर्ची दिली, बिस्किट दिलं आणि सांगितलं की हा विषय सभासदांनी मांडावा लागतो. मी म्हटलं, मग सभासद कसं व्हायचं ते सांगा.

मेमध्ये निवडणूक आहे. मी उभी राहते. बंदराच्या वॉर्डातून, कोणत्याच पक्षाची नाही. ऑगस्टा ओरडली की शहात्तराव्या वर्षी हे काय. हिबर्ट खोकला, पण तो पसंतीचा खोकला वाटला. सूचक म्हणून क्रॅबट्रीने सही दिली आहे.

मी कायदा नीट वाचला, लायनेल. अर्ल हे होते, मी नव्हते. मी नुसती त्यांची बायको. मला इतकी वर्षं कोणत्याच दाराने अडवलेलं नव्हतं. मी ढकलून पाहिलं नाही, इतकंच.

तू आणि पॉलीन एक मेपासून इथे राहायला या. पत्रकं वाटायची आहेत आणि प्रत्येक दार वाजवायचं आहे. भाषण तू एकच करायचंस, पाच मिनिटांचं. बाकीची मी करीन.

लोभ आहे, मतही असू द्यावं.
तुझी,
आई