मामानं कापलेला भाग

३ मे

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या सिनेमा-परीक्षण मंडळाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मागच्या रविवारी आम्ही तिघं विनोदी सिनेमाला गेलो, तर दारावरच्या माणसानं तुझ्या नऊ वर्षांच्या भाचीला, म्हणजे आमच्या भुंगाबाईंना, अडवलं. सोळाच्या आतल्यांना बंदी आहे म्हणे. का, तर त्यातली आजी शिवी देते. अरे, माझ्या शिवणाच्या दुकानात बटणं आणून देणारा ती शिवी नमस्काराच्या जागी वापरतो, आणि भुंगा तिथेच बसून गृहपाठ करते.

म्हणून काल 'सर्वांसाठी' असा शिक्का बघून निर्धास्त गेलो. त्यात बाप होडी घेऊन समुद्रावर जातो, वादळ होतं, होडी रिकामी परत येते आणि पोर धक्क्यावर बसून राहते. संपला सिनेमा. सुरुवातीच्या प्रमाणपत्रावर सही कुणाची? आमच्या परीक्षक महाराजांची!

भुंगा घरी आली आणि तिनं बाबांच्या बॅगेची किल्ली लपवली. ह्यांना अठरा तारखेला जहाजावर चढायचंय. इंजिनाच्या खोलीत हे नसले तर जहाज अडून बसेल, असं ह्यांना वाटतं. लेक मात्र ह्यांना अंघोळीलासुद्धा एकटं सोडत नाही, दाराबाहेर पाट टाकून बसते. बघून हसू येतं, पण धड हसवतही नाही.

आम्ही शिंपी माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही. तुम्ही कशाचं माप घेता, तेवढं कळव.

लोभ राहू दे, कात्री आवर.
तुझी धाकटी


७ मे

चि. धाकटीस,
अ. आ.

शिंपीणबाई, तुमचं पत्र आमच्या मंडळात वाचून दाखवायला हवं. पण तशी हिंमत नाही. आम्ही पाच जण बंद खोलीत बसतो. आमचा नियम असा, की शिवी एकदा आली तर बारा वर्षं आणि तिसऱ्यांदा आली की सोळा. त्या आजीनं नेमकी तिसऱ्यांदा दिली. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बोटांवर मोजत होत्या, त्यांच्यापुढे कोण बोलणार?

होडीच्या सिनेमात शिवी नाही, रक्ताचा थेंब नाही, माणूस मरताना दिसतसुद्धा नाही. आमच्यातले दातांचे डॉक्टर म्हणाले, किती स्वच्छ सिनेमा आहे. मी सही केली. हे हास्यास्पद वाटतं, मान्य. पण नियम सोडला तर जो तो आपापल्या घरच्या भीतीप्रमाणे शिक्का मागेल. लहानपणी साबणाची वडी विरघळून संपली म्हणून तू भोकाड पसरलं होतंस. त्याला कुठला शिक्का मारायचा होता?

भुंग्याला सांग, तो नट आपल्या घरी मजेत चहा पितोय.

आशीर्वाद आहेतच, ते वाद न घालता घे.
दादा


११ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, नट जिवंत असतो हे कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे का? तिचं दुखणं वेगळंच आहे. आता हसू नकोस. तिचं म्हणणं, त्या सिनेमातले बाबा परत आले होते, पण तो भाग मामानं कापला.

चूक आपलीच आहे. मुलांनी बघू नये ते मामा कापतो, असं आपणच तिला पढवलं ना? शेवटी पडदा काळा होतो, तिथेच तुझी कात्री चालली असं ती शपथेवर सांगते. काल रात्री जेवताना तिनं मला विचारलं, "बाबा परत येतात, हे लहान मुलांनी बघायचं का नसतं?" मी तिला नुसतीच आणखी एक पोळी वाढली, दादा. तुझा फोटो तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

हे म्हणतात, दादांनी एवढंच लिहावं की हो, मी कापलं, बाबा सुखरूप आले, विषय संपला. मलाही तेच वाटतं. इतक्या नियमांत वागतोस, एकदा भाचीसाठी थाप मार. ह्यांना असं रडवेल्या पोरीचा हात सोडवून जावं लागलं तर ते तिकडे धड जेवायचेही नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी


१४ मे

चि. भुंग्यास,
मामाचे अ. आ.

आधी मी तुला एक गोड थाप लिहायला घेतली होती. दोन ओळींनंतर मलाच ती पटेना, तुला काय पटणार? खरं सांगतो. मी काही कापलेलं नाही. ज्यांनी सिनेमा केला त्यांनी त्या बाबांना परत आणलंच नाही.

माझं चुकलं ते दुसरीकडेच. आम्ही शिव्या शोधल्या, रक्त शोधलं, आणि काही सापडलं नाही म्हणून खूश झालो. खोलीतल्या पाचांपैकी कुणाच्याच घरचं माणूस समुद्रावर जात नाही. 'सर्वांसाठी' लिहिताना त्या सर्वांत तूही आहेस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माफ कर.

तुझ्या बाबांचं जहाज लोखंडाचं आहे, वादळाची बातमी त्यांना आधी कळते, आणि आजवर ते दरवेळी परत आलेत. एवढं मला ठाऊक आहे. पुढचं लिहून द्यायला माझ्याकडे शिक्का नाही गं. तो कुणाकडेच नसतो. मलाही त्यांची काळजी वाटते.

माझ्यावर हवं तितकं रुस, बाबांना मात्र हसून निरोप दे.

तुझ्या लोभाची वाट बघणारा,
मामा


१९ मे

ती. मामास,
शि. सा. न.

तुझा फोटो सरळ केलाय. राग थोडा आहे.

आई आणि आजूबाजूचे सगळे म्हणत होते, बाबा नक्की येणार, नक्की येणार. एवढं नक्की म्हटलं की मला जास्तच भीती वाटायची. तुझं पत्र वाचून मी बाबांना विचारलं, तुम्हालाही माहीत नाही का? त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, माहीत नाही, पण मी खूप जपून राहीन. मग मी किल्ली दिली.

काल बाबा गेले. तू लिहिलं होतंस म्हणून मी हसले. पण बाबाच रडले. दारात उभं राहून, मोठ्यानं. मग आम्ही तिघंही रडलो आणि गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला.

आई म्हणाली, हे मामाला लिहू नकोस, त्याला वाईट वाटेल. पण मी लिहिलं. तू आता मोठा आहेस, तुला चालेल.

माझा लोभ आहे, सांभाळून वापर.
तुझी भुंगा